सेवेला गेलेले आणि भेटीला आलेले

सेवेसाठी घर सोडून दूरच्या मुलखात राहिलेल्या माणसाकडे त्याचे सख्खे भावंड काही दिवस येते, तेव्हा धर्मविचारातला एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. परक्यांच्या दुखण्याखुपण्यासाठी आपली माणसे मागे ठेवणे हा धर्म, की धर्माला दिलेली बगल? आणि भेटीला आलेल्या भावाने किंवा बहिणीने चार दिवस तिथल्या कामाला हात लावला, तर त्याला सेवा म्हणावे का? वाशिम जिल्ह्यात या प्रश्नाच्या दोन खुणा सापडतात. एक कारंजा लाडला, सहा शतकांपूर्वीची. दुसरी खुद्द वाशिम शहरात, विसाव्या शतकातली.

कारंजा हे दत्तसंप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त येते. माधव आणि अंबा यांचा हा मुलगा मुंज होईपर्यंत ॐकाराखेरीज काही बोलला नाही. मुंजीनंतर वेद म्हणू लागला आणि घर सोडायची परवानगी मागू लागला. आईचा जीव राहिना. तिला आणखी मुले होईपर्यंत तो थांबला, जुळे भाऊ झाल्यावर काशीला निघाला आणि संन्यास घेतला. पुढे अनेक वर्षांनी, शिष्यपरिवार मागे घेऊन, हा संन्यासी पुन्हा कारंज्यात आला. गाव लोटले. त्या गर्दीत त्यांची बहीण रत्नाईही होती. घर सोडून गेलेला भाऊच इथे भेटीला आलेला आहे. बहीण घरचीच, पण ती बहिणीचा हक्क मागत नाही. संसारातून सोडवा, असे म्हणून ती पायांवर डोके ठेवते. भाऊ तिला तिचे पुढचे दुःख सांगतो: कुष्ठ होईल, तेव्हा भीमेच्या तीरी गाणगापुरास ये, तिथल्या पापविनाशी तीर्थात स्नान कर. तशी ती पुढे येते आणि बरी होते.

या कथेत दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. संन्यास घेतला की पूर्वाश्रमीची नाती संपतात, हा नियम. तरी नृसिंह सरस्वती बहिणीला टाळत नाहीत. तिला वेगळा न्यायही देत नाहीत. दुःख घेऊन आलेल्या इतर कोणाला मिळाले असते तेच तिला मिळते: ऐकून घेणारे कान, करायचा उपाय आणि जायचे ठिकाण. आजच्या भाषेत सांगायचे तर सख्ख्या बहिणीलाही रांगेतच उभे राहावे लागले. सेवेतला समभाव याहून नेमका दाखवता येणार नाही.

दुसरी गोष्ट आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावी. कथेत कुष्ठाचे मूळ मागच्या जन्मातल्या दोषात सांगितले आहे. कर्मविपाकाची ही मांडणी त्या काळच्या अनेक धर्मकथांत आढळते. पण १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने कुष्ठाचा जंतू शोधला. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात रुळल्यापासून हा आजार पूर्ण बरा होतो. त्यानंतरही रुग्णाला ‘तुझ्याच पापाचे फळ’ म्हणणे हा त्याच्यावरचा दुसरा घाव ठरतो. रत्नाईच्या कथेतून आज घ्यावे ते इतकेच, की भावाने दोष सांगितला, पण उपाय सांगितल्यावाचून तिला परत पाठवले नाही.

दुसरी खूण इंग्रजी अमदानीतल्या ‘बासीम’ची, म्हणजेच वाशिमची. चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकी प्रोटेस्टंट पंथाचे काम तिथे चालत असे. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकी डॉक्टरीणबाई आल्या आणि मुलींच्या शाळेच्या इमारतीत दवाखाना उभा राहू लागला. १९३८ च्या सुमारास त्याचे रुग्णालय झाले. पंथाचे धुरीण हायरम रेनॉल्ड्स यांच्या नावावरून त्याला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाव मिळाले. स्पायकरबाई जवळपास चार दशके इथे राहिल्या. डॉ. एव्हलिन विटहॉफ यांची वाट तर आणखी बिकट. १९४१ मध्ये त्या भारताकडे निघाल्या, वाटेत मनिला इथे युद्धाने गाठले आणि सान्तो तोमास इथल्या जपानी छावणीत त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ काढावा लागला. सुटका झाल्यावर त्या भारतात आल्याच. चार दिवसांची सेवा आणि जन्माची सेवा यांतले अंतर अशा आयुष्यांवरून कळते.

तरी धर्मप्रश्न सुटत नाही, उलट टोकदार होतो. मिशनच्या दवाखान्यात औषधासोबत ख्रिस्ताचा संदेशही असे. हेतू असलेली सेवा ही सेवा असते का? हा भाग स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिने शिफारस केली, की वैद्यकीय सेवा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापरण्यास कायद्याने बंदी असावी. अहवालावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. पण कायद्याच्या आधी हा विवेकाचा प्रश्न आहे. बाळंतपणात अडलेली बाई किंवा सापाने डसलेला शेतमजूर खाटेवर असतो, तेव्हा त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ नसते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला धर्मात किंमत नाही. हे मिशनला लागू आहे, तसेच फलकावर नाव कोरण्यासाठी शिबिर भरवणाऱ्या देणगीदारालाही आणि मतांसाठी चष्मे वाटणाऱ्या पुढाऱ्यालाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायातले दानाचे तीन प्रकार इथे कामाला येतात. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून दिलेले ते राजस. अवमानाने, अस्थानी दिलेले ते तामस. देणाऱ्याचे मन शुद्ध असले तरी तेवढ्याने भागत नाही. देश, काल आणि पात्र चुकले, तर चांगल्या हेतूचेही दान अस्थानी जाते. परदेशातून पाहुणे म्हणून आलेल्या भावंडाची खरी परीक्षा इथेच आहे.

अशा पाहुण्याला दवाखान्यात काय दिसते? ओपीडीच्या दिवशी सकाळपासून केसपेपरच्या खिडकीशी गर्दी. कुणी रिसोडकडून, कुणी मानोऱ्याच्या तांड्यावरून आलेले. केसपेपरवर नाव, गाव, वय. म्हातारीला वय विचारले की ती म्हणते, “बहात्तरच्या दुष्काळात माह्यं लगन झालं.” लिहिणाऱ्याला तो दुष्काळ ठाऊक हवा, तेव्हाची लग्नाची वये ठाऊक हवीत, मगच आकडा पडतो. दुखणेही असेच येते: आंग कसकस करते, भोवळ येते, जीव घाबरा होते. यातले काय तापाचे, काय रक्तक्षयाचे, काय घरातल्या काळजीचे, हे तिथली नर्स किंवा आशाताई चेहऱ्यावरून ओळखते. पाहुणा कितीही शिकलेला असो, त्या खिडकीशी तो निरक्षर असतो. आधी हे मान्य करावे लागते.

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत आणि कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांना हेच कठोरपणे सुनावले होते. पाहायला या, शिकायला या, फिरायला या. पण मदत करायला येऊ नका, असे त्यांचे म्हणणे. ज्यांची भाषा येत नाही त्यांच्यावर आपले भले लादू नये, हा त्यामागचा मुद्दा बिनतोड आहे. निष्कर्ष मात्र पुरा पटत नाही. ख्रिस्ताने सांगितलेल्या दयाळू शमरोनी माणसाच्या दृष्टान्तातला माणूस स्वतः वाटसरूच आहे. लुटलेल्या, जखमी माणसाला तो तेल आणि द्राक्षारस लावून पट्टी बांधतो, खाणावळीत नेतो, एक रात्र राहतो. सकाळी दोन नाणी मालकाच्या हाती देऊन निघतो आणि जास्तीचा खर्च परतताना देईन म्हणतो. दृष्टान्त सांगताना त्याच्या दयेवर भर दिला जातो, खाणावळवाला विसरला जातो. वास्तविक वाटसरूची चार घटकांची सेवा खरी ठरली ती मागे राहणारे कुणीतरी होते आणि त्याला पुरेसे देऊन तो गेला म्हणून.

भावंडपणाचा विचार इथूनच सुरू होतो. मराठी माणूस दवाखान्यात परक्या बाईला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. शब्द आला ख्रिस्ती मठांतून, पण आता वाशिमच्या कोणत्याही वॉर्डात तो मराठीच आहे. शुभवर्तमानातल्या एका प्रसंगी आई आणि भाऊ बाहेर उभे असल्याचा निरोप येतो, तेव्हा येशू विचारतो, माझी आई कोण, माझे भाऊ कोण? आणि देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारे सगळे आपले भाऊबहीण असल्याचे सांगतो. ऐकायला हे भव्य वाटते. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या सख्ख्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र तिथे उरतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. वडील वारल्याची बातमी आली तरी ते मागे फिरले नाहीत आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. देशाने त्यांना गौरवले. घरातल्यांनी ती उणीव जन्मभर सोसली. सेवेचा हिशेब मांडताना घरच्यांचा वाटा वगळणे अन्यायाचे आहे.

या पेचावर रामायणाने दिलेले उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते. भरत चित्रकूटाला भावाच्या भेटीला जातो तो त्याला परत न्यायलाच. रामाचे म्हणणे ऐकल्यावर तो हट्ट सोडतो, पण वनातही राहत नाही. पादुका घेऊन परततो आणि नंदिग्रामी राहून तेच व्रत आपल्या जागी चालवतो. आलेल्या भावंडाचे काम हेच: थोरल्याने का घर सोडले ते डोळ्यांनी पाहणे, त्याचा त्यागही पाहणे आणि त्याची चूक दिसली तर तीही सांगणे. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकट्या मुक्ताबाईने समजावले, तो अधिकार बहिणीचाच होता. सेवेत गढलेल्या माणसाला अहंकार चढतो, थकवा येतो, माणसे नुसत्या नोंदी वाटू लागतात. रुग्ण हे त्याला सांगू शकत नाहीत, हाताखालची माणसे सांगत नाहीत. बहीण सांगू शकते.

राहिला हाताने करायच्या कामाचा प्रश्न. भारतात परदेशी डॉक्टरलाही नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी घेतल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सुई टोचणे, जखम शिवणे, औषध ठरवणे ही कामे पाहुण्याची नव्हेत. रुग्णाचा फोटो काढणे हेही नव्हे. रांगेतल्या म्हातारीला पाणी देणे, गोळ्यांच्या पुड्या बांधायला मदत करणे, नोंदवह्या उतरवून काढणे आणि संध्याकाळी भावाचे ऐकत बसणे, हे त्याला करता येते. परदेशात स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे दिवाळीत किंवा उन्हाळ्यात मुलांना घेऊन गावी येतात. वाशिमच्या एखाद्या उपकेंद्रात किंवा धर्मादाय दवाखान्यात त्यांना काही करावेसे वाटले, तर तिकीट काढण्याआधी तिथल्या परिचारिकेला विचारावे की नेमके काय हवे आहे. ती जे सांगेल तेवढेच करावे, आणि ‘काही नको’ म्हणाली तर तेही ऐकावे.