घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडलं आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना आमच्या लहानपणी एकच उत्तर होतं : न फिरवल्यामुळे. एका उत्तरात तीन प्रश्न उरकण्याची ही सोय मला फार आवडे. भाकरीबद्दल आणि पानाबद्दल माझं अजूनही काही म्हणणं नाही. घोड्याबद्दल मात्र आता मी इतक्या चटकन उत्तर देणार नाही. कारण गेल्या आषाढात आमच्या मेहुण्यांनी एक घोडा सोडवला.

'विकत घेतला' म्हटलेलं त्यांना खपत नाही. पैसे मोजले, पावती घेतली, टेम्पो ठरवला, तरी शब्द 'सोडवला' हाच. दादा (म्हणजे आमच्या सौ.चे थोरले बंधू) बँकेतून निवृत्त होऊन शिरवळच्या बाजूला दोन एकरांत राहतात. हा घोडा त्यांनी एका वरातीत पाहिला. खाली डांबरी रस्ता, कानाशी बँडचा कर्णा, पाठीवर मुंडावळ्यांतून काही न दिसणारा नवरदेव. दोघेही घाबरलेले होते, पण दादांना घोड्याचीच दया आली. नवरदेवाला सोडवणं कायद्यात बसत नाही.

कायद्याचे दादा पक्के आहेत. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून 1960 साली झालेला कायदा त्यांना कलमांसकट येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली व्हिक्टोरिया बंद करण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. पुढे 2021 साली विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या, तेव्हाही वाटले. मधल्या काळात त्या घोड्यांच्या चंदीचं, नालांचं काय झालं, असं मी विचारलं, तेव्हा मला पेढा मिळाला नाही.

घोडा स्वस्तात मिळाला. चातुर्मासात लग्नं नाहीत, पोट मात्र आहे. तेव्हा आषाढात घोडेवाल्याचा जीव मऊ होतो. टेम्पोतून उतरून बादशहा (हे नाव जुन्याच मालकाचं) ऐटीत चालत गोठ्यात गेला. पाचव्या दिवशी सकाळी तो पुढचा उजवा पाय जमिनीला टेकवीना.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे पाटील बांधावरून म्हणाले, "त्याच्याकडं नाचत होता, तुमच्याकडं लंगडा झाला. नशीब बघा!" दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी खुरावर हात ठेवला. खूर गरम होता. घोट्यामागची नाडी ताडताड उडत होती. ते म्हणाले, "आत पू झालाय." बाहेरून दगडासारखं दिसणारं खूर म्हणजे आपल्या नखाचाच थोरला भाऊ. ही भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक पांढरी रेघ असते. नाल सहा-आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून, पुन्हा ठोकावे लागतात. लग्नसराईत तेवढी उसंत आणि तेवढे पैसे नसले, की त्या रेघेतून घाण आत शिरते. आतला पू फुगतो आणि खूर काही फुगत नाही. कित्येक दिवस काही कळत नाही आणि मग एका रात्रीत घोडा तीन पायांवर येतो. शिवाय तळव्याच्या मधोमध जो रबरासारखा मऊ त्रिकोण असतो (इंग्रजांनी त्याला बेडूक का म्हणावं, तेच जाणोत), तो ओल्या शेणात उभं राहून काळा पडला होता. त्याचा वास घेतल्यावर भूतदया टिकवायला मन घट्ट करावं लागतं.

उपाय सोपा होता. तळव्याला भोक पाडून पू काढायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि रोज पाय कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून भिजवायचा. अडचण एवढीच, की बादशहा पाय उचलू देत नव्हता. दादांनी गूळ दिला. बादशहाने गूळ घेतला आणि पाय ठेवून घेतला. दादा मान चोळीत प्रेमाने "बाळा, बाळा" म्हणाले. बाळाने त्यांना कुडाच्या भिंतीवर दाबलं. डॉक्टर म्हणाले, "आज भूल देतो. पण रोज पाय भिजवायला रोज भूल देणार का?"

मला राहून राहून वाटे, की या दयेला ज्याच्यावर ती करायची त्याची संमती लागते की नाही? बादशहाच्या बाजूने पाहा. ओळखीच्या वासातून उचलून टेम्पोत घातलं, परक्या गोठ्यात बांधलं, पाय ठणकू लागला, आणि आता अनोळखी माणसं सुरी घेऊन पाय मागताहेत. यालाच सुटका म्हणतात हे त्याला कोण सांगणार? घोड्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. संकट आलं की पळणं एवढाच त्याचा धंदा. पाय देणं म्हणजे त्याने सगळं भांडवलच आपल्या हाती देणं. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. तारण नसताना एवढं मोठं कर्ज दादांनी कधी कोणाला दिलं होतं?

अज्ञातवासात पांडव विराटाकडे राहिले, तेव्हा घोड्यांचं काम नकुलाने घेतलं आणि धर्मराज फासे टाकायला बसले. धर्माचं सगळ्यांत जास्त कळणाऱ्याकडे तबेला दिला नाही, यात व्यासांचा काही तरी हेतू असावा.

शेवटी सौ.नेच सुचवलं : "त्या घोडेवाल्याला बोलवा." दादा दोन तास बोलले नाहीत. ज्याच्या तावडीतून सोडवलं, त्याच्याच पायाशी जायचं? पण गोठ्यात बादशहा तीन पायांवर उभा होता, आणि घोड्याला महिनाभर खाटेवर झोपवता येत नाही. दुखऱ्या पायाचा भार फार दिवस उचलला, की सोबतचा चांगला पायही कामातून जातो. तिसऱ्या तासाला दादांनी फोन लावला.

म्हातारा एसटीने आला. आधी बादशहाला एक कचकचीत शिवी दिली. बादशहाचे कान पुढे झाले. मग खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तळहात खांद्यापासून खालपर्यंत सावकाश फिरवत नेला, घोट्याच्या वर दोन बोटांनी हलकेच दाबलं; आणि पाय वर आला, जसा काही म्हाताऱ्याचाच होता.

"इचारल्याबिगर धरला तर द्यायचा न्हाई सायेब तो," म्हातारा म्हणाला.

डॉक्टरांनी तळवा कोरला. काळपट पाण्याची चिळकांडी उडाली आणि बादशहाने असा निःश्वास टाकला, की आम्ही चौघांनीही टाकला. खुराला औषध बांधून वर नातवाचा डायपर चढवला आणि त्यावर रुंद चिकटपट्टीचे वेढे दिले. हा मी केलेला विनोद नव्हे. घोड्याच्या खुराला याहून चांगली चड्डी नाही, असं डॉक्टरांचंच मत पडलं.

म्हातारा चार दिवस राहिला आणि पाय कसा मागायचा ते त्याने दादांना शिकवलं. याच हाताने वरातीत लगाम खेचला होता आणि याच हाताला बादशहाने पाय दिला. हे दोन्ही एका हातात कसं मावतं, याचा हिशेब दादांना लागेना. मलाही लागलेला नाही. निघताना दादांनी विचारलं, "आता काय करता?"

"तुमच्या पैशात नवी घोडी घेतली की! तुळशीची लग्नं झाली म्हंजी सुरू."

दादा बराच वेळ बादशहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तिचे नाल कधी बदललेत?"

खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं. बादशहाच्या खुरावर, वरच्या काठापासून दोन बोटं खाली, एक बारीक वळी उमटली आहे. वरचं खूर दादांच्या कडब्याचं, खालचं म्हाताऱ्याच्या चंदीचं. खालचं घासून जायला पुढचा आषाढ उजाडेल.

परवा नालबंद आला होता. बादशहाचं नुसतं तासणं, त्याचे नाल आता काढलेत. पण बिलात आणखी चार नाल आणि जाण्यायेण्याचं भाडं पाहून सौ. म्हणाली, "दादा, घोडी त्याची, कमाई त्याची, आणि नाल तू ठोकून देतोस?"

"गुरुवारी तिला वरात आहे," दादा म्हणाले. "सगळा डांबरी रस्ता." आणि त्यांनी बिल फाइलला लावलं.