स्थळ पाहिजे

आमच्या घरात लग्नाचा मुलगा नाही आणि मुलगीही नाही. तरी गेल्या वर्षी तीन महिने मी स्थळ शोधत नाटे गावात आणि आसपास वणवण केली. वर अल्सेशियन होता.

त्याचं असं झालं. नाताळच्या सुट्टीत आंबोळगडच्या किनाऱ्यावर एक मोटार आली. आली तेव्हा कुत्रा आत होता, गेली तेव्हा बाहेर होता. एवढीच हकीगत. दोन दिवस तो पुळणीवर आलेल्या प्रत्येक मोटारीमागे धावला. तिसऱ्या दिवशी धावायचा थांबला. त्याच दिवशी मी पिशवीत बांगडे घेऊन घरी परतत होतो आणि तो माझ्यामागून चालू लागला. माझ्यात काहीतरी विशेष आहे असं मला घटकाभर वाटलं. विशेष पिशवीत होतं.

त्याला बघून शेजारचे आबा म्हणाले, "भाऊ, हा कुत्रा नाय, वासरू हाय वासरू!" आमच्या हिने मात्र एकच प्रश्न विचारला, "अहो, किती दिवस?" मी म्हटलं, "चार." संसारात पुरुषाने सांगितलेले चार दिवस किती असतात हे ती पस्तीस वर्षं ओळखून आहे. तिने मुकाट्याने भाताचं पातेलं बदललं.

मग मी त्याचं गोत्र शोधलं. ही जात मेंढपाळाची. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याने १८९९ साली ती पक्की केली. तिकडे शेतांना कुंपण नसे. मेंढरं पिकात शिरू नयेत म्हणून हा कुत्रा दिवसभर हद्दीवरून येरझारा घाली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द सोसेना, म्हणून त्यांनी त्याचं नाव अल्सेशियन केलं. १९७७ साली तिथल्या केनेल क्लबने त्याला जर्मन शेफर्ड हे नाव परत केलं. आमच्या वाडीत ही बातमी अजून पोचलेली नाही.

पण हद्दीची गोष्ट त्याच्या रक्तात पोचलेली होती. आठवड्याच्या आत तो आमच्या परड्याच्या कडेने फेऱ्या घालू लागला. ज्या गडग्यापायी आमच्या आजोबांनी राजापूरच्या कोर्टात चपला झिजवल्या, ती हद्द त्याने एका सकाळी कायम केली. फक्त ती आबांच्या दोन माडांच्या पलीकडून गेली. आमचे नि आबांचे संबंध तेव्हापासून ऐतिहासिक वळणावर आहेत.

पुढे त्याने आबांची एक कोंबडी धरली आणि मला नीतिशास्त्रातला पहिला धडा मिळाला. कुत्र्याला सोडून जाणाऱ्याचं नाव गावात कुणी घेत नव्हतं. कोंबडी धरल्यावर घेतलं गेलं ते माझं. ज्याने पाप केलं तो घाट चढून केव्हाच निघून गेला आणि ज्याने भाकरी घातली तो आरोपी! कायदा पाहिला. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड किमान दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. आबांनी कोंबडीचे माझ्याकडून चारशे घेतले. म्हणजे सोडणं स्वस्त आणि सांभाळणं महाग, असा हा व्यवहार आहे.

आमची दोन खोल्यांची वयं आणि त्याचं पस्तीस किलोंचं तारुण्य यांचा मेळ बसेना. त्यात माझे गुडघे. तेव्हा रीतसर स्थळ पाहायचं ठरलं.

पहिले आले ते आंबेवाले. बाग मोठी, माणूस सज्जन. म्हणाले, "कलमांखाली साखळीने बांधू. रात्री राखण होईल." आमच्याकडे बिबट्या रात्री वाड्यांतून फिरतो आणि कुत्र्यावर त्याचा विशेष लोभ. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट! दुसऱ्यांनी आल्या आल्या पिल्लांचा भाव विचारला. त्यांना जावई नको, भांडवल हवं होतं. तिसऱ्यांचा मुलगा हट्ट करत होता. मी विचारलं, "शाळा सुरू झाल्यावर फिरवणार कोण?" बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. मी तिघांनाही नकार दिला. बाहेर पडताना एकजण पुटपुटला, "फुकटचा कुत्रा आणि केवढा तोरा!"

रात्री मला ते लागलं. खरंच, मला हा अधिकार कुणी दिला? आणि मी तरी त्याच्यासाठी नकार देत होतो की माझी सुटका करून घेताना मन स्वच्छ राहावं म्हणून?

अशा वेळी आपल्याला धर्मराज आठवतो. कुत्र्याला आत घेणार नसाल तर मला स्वर्ग नको, असं तो इंद्राला म्हणाला. थोर गोष्ट आहे. पण त्याच्यामागे घर नव्हतं, शेजारी आबा नव्हते, आणि तो कुत्रा अख्ख्या हिमालयात कुणाच्या कोंबडीमागे लागल्याची नोंद नाही. शिवाय शेवटी तो कुत्रा साक्षात यमधर्म निघाला. माझी अडचण तिथेच आहे. आमचा कुत्रा सकाळी कुत्रा होता, संध्याकाळी कुत्रा होता, आणि मी कितीही चांगला वागलो तरी तो दुसरं काही निघणार नव्हता. ज्याच्या पोटी देव नाही अशा जनावराशी कसं वागायचं, ही परीक्षा धर्मराजाने दिलेली नाही. ती आपल्यासारख्यांच्या पदरी येते, आणि तिचा निकाल सांगायला विमान येत नाही.

मला इतकंच उमगलं: त्याला जन्मभर ठेवून घ्यायला मी बांधलेला नव्हतो. पण मोटारवाल्यात आणि माझ्यात फरक उरायचा असेल, तर तो त्याला कुणाच्या हाती देतो एवढ्यातच होता. सोडणारा मागे वळून पाहत नाही; देणाऱ्याला पुढचं पाहावं लागतं.

चौथं स्थळ कातळावरून आलं. चार गाई, वीस शेळ्या असलेला म्हातारा. त्याने कुत्र्याचा उपयोग विचारलाच नाही. "काय खातो? पावसात गडगडला की भितो काय? कुणी मारलाय काय याला?" असे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर मला इतक्या महिन्यांत शोधावंसंही वाटलं नव्हतं. निघताना त्याने माझ्या हातावर एक नारळ ठेवला. "जनावर फुकट घेऊ नये," म्हणाला.

महिन्याभराने मी बघायला गेलो. मला पाहून तो धावत येईल, अंगावर उड्या मारील, माझे डोळे भरतील, अशी सगळी तयारी करून गेलो होतो. तो आला, माझी पिशवी हुंगली, शेपटी हलवली आणि एक शेळी हद्द ओलांडत होती म्हणून परत निघून गेला.

घरी आल्यावर हिने विचारलं, "ओळखलं का हो त्याने?"

"ओळखलं," मी म्हटलं, "पण कामात होता."

ती काही बोलली नाही. भाताचं मोठं पातेलं मात्र अजून तिने माळ्यावर टाकलेलं नाही.