रिकाम्या जागेवर हक्क कोणाचा?

३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत मोटार अपघातात भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रीय ग्रामविकासमंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि सत्कारासाठी ते बीडकडेच निघाले होते. दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या या जिल्ह्याने मजुरीवाढीसाठी कारखानदारांसमोर ठाण मांडून बसणारा आपला माणूस गमावला.

विधानसभेबरोबरच, १५ ऑक्टोबरला, त्यांच्या बीड लोकसभेच्या जागेची पोटनिवडणूक झाली. त्यांच्या कन्या डॉ. प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. एवढे मताधिक्य तोवर देशात कोणालाच मिळाले नव्हते.

त्या मतांमागचे दुःख खरे होते. पण आकडा एकट्या दुःखाने फुगलेला नाही. मुंडे कुटुंबाबद्दलच्या आदरापोटी राष्ट्रवादी काँग्रेसने लोकसभेला उमेदवारच दिला नव्हता. याच जागेवर मे महिन्यात राष्ट्रवादीचे सुरेश धस मुंडेंकडून सुमारे १ लाख ३६ हजार मतांनी हरले होते. म्हणजे लढत झाली होती. राष्ट्रवादीच्या घड्याळाचे मतदारही कुठे गेले नव्हते. त्याच दिवशी बीड विधानसभेत जयदत्त क्षीरसागर घड्याळावरच निवडून आले. लोकसभेच्या यंत्रावर मात्र त्या मतदारांना आपले चिन्ह सापडले नाही. काँग्रेसचे अशोकराव पाटील उभे राहिले म्हणून सव्वादोन लाखांवर लोकांना वेगळे मत नोंदवायला जागा तरी मिळाली. हरणार हे दिसत असताना उभे राहणे, ही त्या निवडणुकीतली मोलाची गोष्ट होती.

बीडचा विक्रम २०२४ मध्ये इंदूरने मोडला, पावणेबारा लाखांच्या मताधिक्याने. तिथेही मुख्य प्रतिस्पर्धी मैदानात नव्हता; काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला होता, आणि २ लाख १८ हजारांवर मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले.

खासदार गेल्यावर त्याची जागा कोणी भरायची, हा प्रश्न जुना आहे. १७९० साली व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड वारले. अमेरिकी प्रतिनिधिगृहातील सदस्याचा तो पहिला मृत्यू. राज्यघटनेने तिथे नेमणुकीची वाट ठेवलेलीच नव्हती, म्हणून विल्यम जाइल्स निवडणुकीतूनच आले. आपल्याकडेही लोकसभेची रिकामी जागा एरवी सहा महिन्यांत निवडणुकीने भरावी, अशी तरतूद १९९६ पासून आहे. दोन्हीकडे जागा परत जाते ती मतदाराकडे. मग श्रद्धांजली म्हणून मैदान सोडणारा पक्ष स्वतःचे नसलेले काहीतरी देऊन टाकतो.

बीड जिल्ह्यातच याच्या उलट उदाहरण आहे. राष्ट्रवादीच्या आमदार विमल मुंदडा यांच्या निधनानंतर २०१२ मध्ये केजला पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीने पृथ्वीराज साठे यांना उमेदवारी दिली, भाजपच्या संगीता ठोंबरे त्यांच्याविरुद्ध लढल्या आणि साठे निवडून आले. दोनच वर्षांनी केजकरांनी ठोंबरे यांना आमदार केले. विमलताईंबद्दलचा आदर या दोन्ही लढतींनी कमी झाला नाही.