रात्रीचा प्रमाद





आत्ताच आपण सर्वांनी पंचशील ग्रहण केले. त्यातील पाचवे शील म्हणताना दारू न पिणारा माणूस निर्धास्त असतो. परंतु मादक पदार्थ वर्ज्य का करावयाचे, याचे कारण त्या शीलातच सांगितले आहे. ते प्रमादाचे स्थान आहेत म्हणून. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, स्वतःवरचा ताबा सुटणे. प्रमाद हा मूळ रोग आणि दारू हे त्याचे एक दार. दुसरे दार आज आपल्या मुलांच्या उशाशी आहे. ते म्हणजे रात्रीचा मोबाइल.

मी शिक्षिका आहे. जुहूच्या नेहरूनगर वस्तीतील मुले माझ्या वर्गात येतात. नववीतील एक हुशार मुलगा सकाळी पहिल्या तासालाच बाकावर डोके टेकून झोपू लागला. आजारी असेल म्हणून मी त्याच्या घरी गेले. एका खोलीत पाच माणसे. आई जुहू स्कीममधील इमारतींत धुणीभांडी करते. ती अभिमानाने म्हणाली, "बाई, पोरगा रात्री दीड-दीडपर्यंत अभ्यास करतो. चादरीखाली मोबाइलचा उजेड दिसतो ना मला. बाबासाहेबपण असेच जागायचे." मुलाने मान खाली घातली. तो उजेड अभ्यासाचा नव्हता. रील आणि गेमचा होता.

बंधूंनो, त्या माउलीचे वाक्य मला झोप येऊ देईना. बाबासाहेब जागत होते, हे खरे. पण कसे? परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता. तेव्हा सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि स्वतः जागत. रात्री दोनला ते त्याला उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवीत आणि मग आपण आडवे होत. म्हणजे त्या गरीब घरातही बापाने मुलाची झोप आधी राखली, अभ्यास नंतर मागितला. बाबासाहेबांचे जागरण अप्रमादाचे होते. आपल्या मुलांचे जागरण कशाचे आहे?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. या वयात झोपेची वेळ निसर्गतःच थोडी पुढे सरकते. त्यात डोळ्यांसमोर पडद्याचा उजेड आला, की झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य शरीरात उशिरा तयार होते. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवते आणि दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होते. झोप तुटली की चिडचिड, डोकेदुखी, विसराळूपणा आलाच. शिवाय हा खेळच असा रचला आहे, की एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू व्हावी. तृष्णेला शेवट नसतो, हे तथागतांनी शिकविले. तृष्णेवर आज व्यापार उभा आहे.

मुले उशिरा झोपतात हे शासनानेही मान्य केले आणि २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. पण नववीच्या मुलाला त्याचा आधार नाही. त्याची झोप घरालाच राखावी लागेल.

मग मोबाइल फेकून द्यावा काय? नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरच भरावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या मुलांची शाळा त्यावरच भरली. सोण नावाच्या भिक्षूला तथागतांनी वीणेचा दृष्टांत दिला होता. तार फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. मध्यम मार्ग तो हाच.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असा मार्ग काढला. टाळेबंदीत मुलांच्या हाती आलेले फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. तेव्हा गावाने ठरविले, की सायंकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतील. तो नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही होता. त्यातच त्याचे बळ आहे. बाप फोनवर असताना मुलाने पुस्तक धरावे, हा उपदेश झाला, शील नव्हे. मी स्वतः अंथरुणात फोन पाहत असे. त्या मुलाशी बोलण्यापूर्वी मला तो आधी सोडावा लागला.

नंतर त्या मुलाने आपण होऊन आईला खरे सांगितले. ती रडली, पण रागावली नाही. आता त्यांच्या घरी रात्री दहाला सर्वांचे फोन बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर जातात. मुलगा अजून कधी वर्गात पेंगतो. सवय एका दिवसात लागली नाही, एका दिवसात जाणारही नाही.

उपासक-उपासिकांनो, आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शाळेत घातले. माझ्या घराण्यातील पहिली पदवी मी घेतली, ती त्यांच्या कष्टावर. ते शिक्षण पुढच्या पिढीच्या हातून चादरीखाली निसटू नये. आज घरी गेल्यावर ती एक फळी ठरवा, आणि तिच्यावर पहिला फोन आपला ठेवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.