न दिसलेला दोष

जें आपणांस दिसलें नाहीं त्याचा दोष आपल्याकडे किती येतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्हीं पंचवीस वर्षें शिकविला आहे, आणि त्याच्या उत्तरांचे गठ्ठेही परीक्षक म्हणून पुष्कळ तपासले आहेत. परंतु तोच प्रश्न एके दिवशीं हिरव्या बनातीच्या टेबलावर आमच्यापुढें येऊन उभा राहील, अशी कल्पना मात्र आम्हांस कधीं आली नव्हती. विषय क्षुल्लक वाटेल. स्नूकर हा कांहीं जीवनमरणाचा व्यवहार नव्हे, आणि प्राध्यापकानें संध्याकाळीं जिमखान्यांत काय करावें हा मासिकांतून चर्चिण्याचा विषय नव्हे, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. तथापि मोठ्या व्यवहारांत हेतु, लाभ आणि भय यांचा इतका गुंता असतो कीं त्यांतून एकच धागा सुटा करणें कठीण जातें. खेळांत तो सुटा सांपडतो.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. सुमारें बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल. त्यावर पंधरा लाल चेंडू, सहा इतर रंगांचे, आणि एक पांढरा. पांढऱ्यास क्यू नांवाच्या काठीनें टोला देऊन दुसरा चेंडू खिशांत घालावयाचा. एकदां लाल, एकदां रंगीत, असा क्रम. लालाची पाळी असतां पांढरा प्रथम दुसऱ्या रंगास लागला तर तो फाउल, आणि दंडाचे गुण प्रतिपक्षास मिळतात. खेळ विलायती समजला जातो खरा. पण त्याचा जन्म आपल्याच देशांत, १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत, नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या हातून झाला असें सांगतात. म्युनिकचा करार करणारे मुख्य प्रधान ते हे नव्हेत. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं ज्या खेळाचें हौशी जगज्जेतेपद मिळविलें, तो बिलियर्ड्स म्हणजे या खेळाचा वडील भाऊ.

या खेळांत डोळ्याचें काम इतर खेळांहून निराळें आहे. क्रिकेटमध्यें चेंडू वेगानें अंगावर येतो, तेथें चुकीला सबब असते. येथें सर्व कांहीं स्थिर; घाई कोणासच नाहीं. चेंडूचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर. तीन मीटर अंतरावर नेम एका अंशानें ढळला कीं पांढरा चेंडू जवळजवळ तेवढाच, म्हणजे अख्ख्या चेंडूच्या रुंदीइतका, बाजूस जातो. आणि चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होत जाते, जवळचें अंधुक होतें. आपल्या भाषेनें त्या वयाला आणि त्या चष्म्याला एकच नांव देऊन ठेवलें आहे तें उगीच नव्हे. पण चाळिशी ही वाचणाऱ्याची सोय आहे. वाचणारा मान लववून भिंगाच्या खालच्या भागांतून पाहतो. स्नूकर खेळणारा हनुवटी क्यूला टेकवून भुंवयांखालून वर पाहतो. त्याची दृष्टि चष्म्याच्या वरच्या कांठांतून, पुष्कळदां कांठाच्याही वरून जाते. भिंगाचा जो मध्य सर्वांत निर्मळ, तेथून ती जातच नाहीं. कांठाजवळ वस्तु जागेवरून किंचित् सरकल्यासारखी भासते, आणि चष्म्याची वरची दांडी ऐन नेमाच्या रेषेवर आडवी येते. एकाच कांचेंत दूरचा व जवळचा नंबर उतरत्या क्रमानें बसविलेले जे चष्मे हल्लीं मिळतात, त्यांतला जवळच्या नंबराचा सारा भाग येथें हनुवटीखालीं फुकट जातो. त्यांत मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्यांची तिरीप पसरते, आणि तांबड्या-तपकिरीमधलें अंतर पुसट होऊं लागतें.

यावर थोरामोठ्यांनीं उपाय केले आहेत. १९२७ ते १९४६ या काळांत पंधरा वेळां जगज्जेता ठरलेला जो डेव्हिस उजव्या हातानें खेळे, पण त्याचा उजवा डोळा अधू होता. म्हणून तो क्यू डाव्या डोळ्याखालीं धरीत असे. त्याचा धाकटा भाऊ फ्रेड यास लांबचें दिसत नसे. त्यानें हव्या तशा कलत्या करतां येतील अशा भिंगांचा चष्मा करवून घेतला, आणि पुढें तोही जगज्जेता झाला. सर्वांत प्रसिद्ध मात्र डेनिस टेलरचा चष्मा. जॅक कार्नेम या बिलियर्ड्सपटूनें, ज्याच्या घराण्याचा धंदाच चष्म्याच्या फ्रेमींचा होता, तो त्याला करून दिला. भिंगें अवाढव्य, भुंवयांच्याही वर गेलेलीं. पाहणाऱ्यास वाटावें कीं या गृहस्थानें चष्मा उलटा घातला आहे. लोक मनसोक्त हंसले. १९८५ सालीं शेफील्ड येथें जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यांत हाच मनुष्य स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध प्रथम ०-८ असा मागें पडला, आणि मध्यरात्र उलटल्यावर, शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर, १८-१७ असा जिंकला. विलायतेंत एक कोटि पंचाऐंशी लक्ष लोक तेव्हां तो सामना पाहत जागे होते.

ही कथा आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होती. तसाच चष्मा करून देण्यास आमचा चष्मेवालाही तयार होता. त्यानें नमुन्याची फ्रेम काढून आमच्या नाकावर चढविली सुद्धां. आरशांत पाहिलें आणि आम्ही ती उतरून ठेवली. आमच्याच महाविद्यालयाचे दहापांच विद्यार्थी संध्याकाळीं त्या जिमखान्यांत येतात, एवढेंच कारण. त्यानंतर दोन वर्षें आम्ही दिव्यांना नांवें ठेवलीं, बनात जुनी झाल्याची तक्रार केली, खडू बदलून पाहिला. डोळ्यांचें कोणी विचारलेंच तर “उत्तम आहेत” असें सांगून मोकळे झालों.

यंदाच्या वार्षिक स्पर्धेच्या अखेरच्या सामन्यांत आमची गांठ आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याशीं पडली. तो आतां वकिली करतो, खेळतो आमच्याहून बरा. निर्णायक फ्रेम, दोन लाल उरलेले. टेबलाच्या दूरच्या टोकास निळ्या चेंडूच्या आडोशानें एक लाल अर्धवट दिसत होता. आम्हीं टोला दिला, लाल खिशांत गेला, पाळी आमचीच राहिली, आणि अखेरीस आम्ही तीन गुणांनीं जिंकलों. चषक मिळाला, छायाचित्र निघालें, चहा झाला.

पुढें महिन्याभरानें डोळ्यांच्या वैद्याकडे जाणें भाग पडलें, तें खेळासाठीं नव्हे, तर रात्रीं रस्ता ओलांडतांना एक सायकलवाला दिसला नाहीं म्हणून. डाव्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली, चष्म्याचा नंबरही पार बदललेला. आतां लाज कसली, म्हणून तो उंच भिंगांचा चष्माही करविला. एका दुपारीं बिलियर्ड-खोलींत कोणी नसतां आम्हीं तोच डाव पुन्हा मांडून टोला दिला. पांढरा चेंडू निळ्यास निसटता चाटून मग लालावर गेला, आणि निळा जागच्या जागीं थरथरलेला आम्हांस स्पष्ट दिसला. मार्कर टेबल झाडण्याचा ब्रश हातांत घेऊन उभा होता. तो म्हणाला, “आतां दिसलं ना, सर? त्या दिवशींही असंच लागलं होतं.”

“मग तूं बोलला कां नाहींस?”

“इतक्या वर्षांचे मेंबर तुम्ही. मीं कसं बोलायचं?”

निळ्याच्या फाउलाचे पांच गुण. आमचा विजय तीन गुणांचा. हिशेब एवढा सरळ नसतो, कारण पाळी बदलल्यावर पुढचा सारा डावच निराळा झाला असता. पण त्यावरून मनाची समजूत घालणें आम्हांस जमलें नाहीं.

आतां शास्त्र काय म्हणतें? हा खेळ ज्या रिवाजावर उभा आहे तो असा कीं पंचाच्या ध्यानांत न आलेला आपला फाउल खेळणाऱ्यानें आपण होऊन सांगावा. पण दिसलेंच नाहीं तर सांगणार काय? अरिस्टॉटल अज्ञानानें घडलेल्या कृत्यास स्वेच्छेचें म्हणत नाहीं. आपल्या स्मृतिकारांनींही जाणून केलेलें आणि नकळत घडलेलें पाप यांस निरनिराळीं प्रायश्चित्तें सांगितलीं आहेत. येथवर आम्ही सुटलों. परंतु तोच अरिस्टॉटल पुढें म्हणतो कीं ज्याच्या अज्ञानाला तो स्वतःच कारण आहे, त्याला ही सूट नाहीं; मद्य पिऊन अपराध करणाऱ्यास दुप्पट दंड ठेवणारा कायदा तो दाखला म्हणून देतो. आणि क्लिफर्डनें १८७७ सालच्या आपल्या निबंधांत त्या जहाजाच्या मालकाची जी गोष्ट घातली आहे, ती आम्ही दरवर्षीं वर्गांत रंगवून सांगतों: जहाज जुनें झालें आहे हें त्याला ठाऊक असतें, पण शंका दडपून दडपून तो अखेर प्रामाणिकपणेंच मानूं लागतो कीं तें सुखरूप पोंचेल. जहाज बुडतें. त्याची श्रद्धा खरी होती, म्हणून तो निर्दोष काय? क्लिफर्ड म्हणतो, नाहीं. ती श्रद्धा बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. जहाजाच्या जागीं डावा डोळा घातला कीं गोष्ट आमची होते. आम्हीं त्या दिवशीं लबाडी केली नाहीं. लबाडी दोन वर्षांपूर्वीं आरशासमोर झाली होती.

येथें डाल्टनची आठवण होते. या रसायनशास्त्रज्ञास रंग इतरांसारखे दिसत नसत, आणि हें त्याला मोठेपणीं, एका फुलाचा रंग दिवसा निराळा व मेणबत्तीपाशीं निराळा दिसला तेव्हां कळलें. १७९४ सालीं त्यानें मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें स्वतःचें हें वैगुण्य मांडलें. आपल्या डोळ्यांतला द्रव निळा असावा हें त्याचें अनुमान चुकीचें होतें. मृत्यूनंतर डोळा तपासला तेव्हां द्रव स्वच्छ निघाला. पण त्यानें तो तपासण्यास सांगून ठेवलें होतें, ही गोष्ट आम्हांस त्या अनुमानाहून मोलाची वाटते. रंगांधळ्याला आपलें वैगुण्य ठाऊक नसणें क्षम्य आहे, कारण तुलनेला त्याच्यापाशीं दुसरी दृष्टि कधीं नव्हतीच. आम्हांपाशीं होती. चाळिसाव्या वर्षीं काय दिसत होतें तें आम्हांस चांगलें आठवत होतें.

स्नूकरच्या नियमांतही याचा विचार आहे. रंगांधळ्या खेळाडूनें विचारलें तर एखाद्या चेंडूचा रंग कोणता तें पंच त्यास सांगूं शकतो. मात्र खेळाडू फाउल करण्याच्या बेतांत आहे अशी सूचना तो कदापि देऊं शकत नाहीं. २००२ सालचा जगज्जेता पीटर एब्डन हा रंगांधळा होता; तपकिरी व लाल यांचा घोटाळा पडला कीं तो सरळ विचारी. जें आहे तें सांगावें, काय करावें तें सांगूं नये, हा भेद कोणी नियमकर्त्यानें किती सहज करून ठेवला आहे! पण त्यांत एक अट आहे: विचारलें तर. न विचारणाऱ्यासाठीं त्या नियमांत जागा नाहीं, आणि आम्ही न विचारणाऱ्यांपैकीं होतों.

मार्करच्या मौनाबद्दल आम्हांस त्याला दोष देववत नाहीं. ज्याची नोकरी सभासदांच्या मर्जीवर चालते त्याच्याकडून सत्यनिष्ठेची अपेक्षा करणें हें सभासदांना शोभत नाहीं. विद्यार्थ्याचें मौन मात्र आम्हांस मनांतून सुखवून गेलें, हें कबूल करतों. गुरूची चूक पदराआड घेणें चूकच. तथापि त्यांत एक जुन्या वळणाचा आदर आहे, आणि त्याबद्दल त्याला प्रेमानें रागें भरावें, असा विचार करून आम्ही एका रविवारीं त्याच्या घरीं गेलों. मार्करनें सांगितलेली हकीगत सांगितली, आणि विचारलें, “तुला दिसलें होतें ना? मग तेव्हांच कां बोलला नाहींस?”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, मला वाटलं, तुम्हीही पाहिलंत.”

ज्या मुलानें आमच्यापाशीं बसून अरिस्टॉटल वाचला, तो पांच आठवडे असें धरून चालला होता कीं आम्हीं निळा हाललेला पाहिला, मूग गिळले, आणि चषक घेतला. त्याचें मौन आदराचें नव्हतें. आमच्या वतीनें त्याला वाटलेल्या लाजेचें होतें. आम्हीं घाईनें खिशांतला नवा चष्मा काढून त्याच्यापुढें ठेवला, वैद्याचें निदान सांगितलें, नंबर सांगितला. तो ऐकत राहिला. न्यायालयांत अशा सबबी तो रोज ऐकत असेल. आणि आमच्या बाजूची साक्ष कोण देणार? दोन वर्षें ज्याला त्याला आम्हींच सांगत आलों होतों कीं आमचे डोळे उत्तम आहेत. त्यालाही सांगितलें होतें, आणि तें सामन्याच्या आदल्याच आठवड्यांत.

“सर, तुम्ही म्हणतां म्हणजे तसंच असणार,” तो म्हणाला, आणि आंत चहाचें सांगायला गेला.

चषक आम्हीं दुसऱ्याच दिवशीं परत नेला. तो घेण्यास विद्यार्थी तयार नाहीं. आणि चिटणीसांचें म्हणणें असें कीं निकाल वहींत चढल्यावर विजेत्यानें हरकत घेण्याची तरतूद स्पर्धेच्या नियमांत नाहीं. तूर्त तो बिलियर्ड-खोलींतल्या कपाटांत, खडूच्या डब्याशेजारीं ठेवला आहे. दर मंगळवारीं आम्ही दोघे खेळतों. चष्मा पाहून मुलें हंसतात, आणि दूरचा चेंडू तपकिरी कीं लाल हें आम्ही मोठ्यानें विचारतों. तो उत्तर देतो.