वारशात आलेल्या तबकड्या

वाडवडिलांच्या तबकड्या विकायला काढल्या की घरच्यांचा पहिला अंदाज बहुधा चुकतो. जुनी म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. पुढे लोकप्रिय नाट्यपदे इतकी खपली की त्यांच्या तबकड्या आजही सहज सापडतात. भाव येतो तो दुर्मीळ मुद्रणाला आणि न झिजलेल्या खाचांना. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. घरात तीच पुन्हापुन्हा वापरली गेली असेल, तर लाडकी गाणीच सर्वांत जास्त खरखरतात आणि किंमतही नेमकी त्यांचीच पडते.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी मुख्यतः लाख आणि दगडी भुकटीची. हातातून निसटली की तुकडेच. ती स्पिरिटने पुसणे म्हणजे गाणेच पुसणे, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, लेबलावरच्या क्रमांकासह यादी करावी; जाणकार गिऱ्हाईक आधी तीच मागते.

ग्रामोफोनचे प्रकरण वेगळे. चकचकीत पितळी कर्ण्याची, नव्याने जुळवलेली यंत्रे बाजारात उदंड आहेत. अस्सल यंत्राची स्प्रिंग शाबूत असेल, तर एकदा चावी दिल्यावर निदान एक बाजू एकाच वेगाने वाजते.