बदल आणि बदली

बँकेत ‘बदल’ या शब्दाला आम्ही फारसे भीत नाही. त्याला शेवटी एक वेलांटी लागली, की मात्र माणूस बिऱ्हाड आवरायला घेतो. बदल झाला तर स्लिपचा रंग बदलतो. बदली झाली तर मुलांची शाळा, दूधवाला आणि पिण्याचं पाणी बदलतं. तेव्हा जगानं खुशाल बदलावं, आपली खुर्ची तेवढी हलू नये, या कारकुनी तत्त्वज्ञानावर माझी घुग्घुसमधली वर्षं सुखात चालली आहेत. माझ्या चिरंजीवांना मात्र हे सुख नाही. ते ‘व्हॅलोरंट’ खेळतात.

ज्या घरांना या खेळाची अजून लागण झालेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळ कॉम्प्युटरवर. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरे पाच. आपल्या पाचांतला एक घुग्घुसला, एक वणीला, एक नागपुरात, आणि उरलेले दोघे कुठं असतात ते त्यांच्या आयांनाच ठाऊक. प्रत्येकानं एक पात्र निवडायचं. जेट नावाची कोरियन मुलगी वाऱ्यासारखी निसटते. सेज नावाची बाई सोबत्यांच्या जखमा बऱ्या करते. 2022 च्या ऑक्टोबरात हार्बर नावाचा आपला एक भारतीय गडीही आला. तो पाण्याच्या भिंती उभ्या करतो. हीच किमया त्यानं मे महिन्यात घुग्घुसला करून दाखवली असती, तर नगरपरिषदेत बिनविरोध निवडून आला असता.

खरी गंमत पुढेच आहे. खेळ चालवणारी रायट गेम्स ही अमेरिकन कंपनी दर दोन-तीन आठवड्यांनी नवं परिपत्रक काढते. जे पात्र फार भारी झालं असेल त्याचे पंख छाटायचे; याला मुलं ‘नर्फ’ म्हणतात. जे दुबळं असेल त्याला खुराक द्यायचा, तो ‘बफ’. जेट पूर्वी बटण दाबलं की क्षणात निसटायची. 2022 च्या एप्रिलात फर्मान निघालं, की आधी निसटण्याची तयारी करायची आणि मग ठराविक सेकंदांच्या आतच निसटायचं. म्हणजे रजेचा अर्ज अगोदर टाकायचा. आमच्या शाखेत हा नियम फार जुना आहे. पण आमच्या घरात त्या दिवशी सुतक पडलं.

“बाबा, दोन वर्षं घासली ना मी जेटवर!”

कॉम्प्युटरमधून वणीकर ओरडत होता, “अबे, सोड ना बे जेट! टीम हरून राह्यली ना!”

या दोन वाक्यांत नीतिशास्त्राचा सगळा गुंता आला. आवडतं पात्र सोडलं तर वारा येईल तशी पाठ फिरवणारा म्हणून आपण संधिसाधू. नाही सोडलं तर निष्ठा आपली आणि हार पाच जणांची. आपल्या निष्ठेचा खर्च दुसऱ्या चौघांच्या खात्यावर टाकणं, हे निदान बँकेच्या माणसाला तरी पटू नये.

पण ‘घासली’ त्या दोन वर्षांचं काय? ती वाया गेली का? कबड्डीचं बघा. जुन्या हुतूतूत दमदार छातीच्या गड्याची चढाई दमसास टिकेपर्यंत चालायची. 2014 साली प्रो कबड्डी आली आणि चढाई तीस सेकंदांत संपू लागली. कुणाची छाती लहान झाली नाही. छातीचा भाव उतरला. आमच्या वेकोलिच्या भागात तर हे फार जवळून दिसतं. भूमिगत खाणीतले जुने कामगार काठीनं छत ठोकायचे आणि आवाजावरून धोका ओळखायचे. तो कान तयार व्हायला उमर जाते. मग उघड्या खाणी आल्या. तिथं छतच नाही. वर थेट आकाश! ते ठोकून काय कळणार?

मला वाटतं, प्रत्येक कसबात दोन रकमा असतात. एक नियमानं दिलेलं कर्ज आणि दुसरी आपली ठेव. नियम बदलला की तो आपलं कर्ज वसूल करतो. ठेवीला हात लावता येत नाही. छत गेलं, पण सावध कान राहतो. मागं येणाऱ्या डंपरचा भोंगा त्यालाच आधी ऐकू येतो. जेटची झेप गेली, पण सोबती कुठं अडकला आहे हे ओळखणारी नजर राहते. अर्थात, झेप उसनी होती हे ती परत गेल्याशिवाय कळत नाही.

एवढं म्हणून ‘काळाप्रमाणे बदला’ असं कुणाला सांगायला मात्र माझी जीभ रेटत नाही. खेळातला बदल दोन्ही संघांना एकाच दिवशी, लेखी आणि सारखा लागू होतो. जगातला तसा होत नाही. 2016 च्या नोव्हेंबरात जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा चार हजारांची साडेचार हजार झाली आणि चारच दिवसांत दोन हजारांवर आली. आम्ही काउंटरमागं नवं परिपत्रक वाचून दाखवत होतो, पगार चालू होता. समोर रांगेत उभ्या असलेल्याची त्या दिवसाची मजुरी बुडत होती. बदल एकच, ‘नर्फ’ झाला तो फक्त काचेच्या पलीकडे. जुळवून घेण्याचा उपदेश करण्याआधी आपण काचेच्या कुठल्या बाजूला बसलो आहोत, तेवढं पाहून घ्यावं.

चिरंजीवांनी आठ दिवस जेटचं दुःख पाळलं. मग वणीकरासाठी म्हणून ब्रिमस्टोन नावाचा दाढीवाला घेतला. त्याचं मुख्य काम जागोजागी धूर सोडून समोरच्याला काही दिसू न देणं. हे काम चिरंजीवांना पहिल्याच दिवशी उत्तम जमलं. घुग्घुसला वाढलेल्या पोराला त्याचं वेगळं शिक्षण ते काय लागणार!